असुरांचा पक्ष

(पिंपळे गुरव येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पिंपळे गुरवच्या नाट्यगृहाला निळू फुले यांचे नाव आहे. मराठी पडद्यावरील सर्वांत मोठा खलपुरुष अशी ज्याची ओळख, त्याचे नाव नाट्यगृहाला दिले जावे आणि त्याबद्दल कोणाच्या मनात किंतुही येऊ नये, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करीत त्यांनी उमेदीची काही वर्षे काढली. पुढे पडद्यावर त्यांनी उभे केले ते मुजोर पाटील, सावकार, सरपंच आणि साखरसम्राट. आणि पडद्याबाहेर मात्र ते अखेरपर्यंत समाजवादी चळवळीचे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे आणि सामाजिक कृतज्ञता निधीचे कार्यकर्ते राहिले. ज्या वर्गाशी जन्मभर भांडण, त्याच वर्गाचा माणूस त्यांनी आतून जाणून घेतला आणि तो हुबेहूब उभा केला. तो इतका खरा वाटे, याचे कारण निळूभाऊंनी त्याला राक्षस केले नाही, माणूसच ठेवले.

आजचा विषय वरकरणी निळूभाऊंपासून फार दूरचा आहे. व्हिडिओ गेममधील कथानकांत शत्रुपक्ष कसा रंगविला जातो, त्या पक्षाच्या नीती-अनीतीचा गुंता कसा मांडला जातो आणि त्यातून खेळणारा काय शिकतो, असा तो विषय आहे. कामगारांच्या अभ्यासवर्गात हा विषय कशाला, अशी शंका ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मनात आली असेल तर ती समजण्यासारखी आहे. तथापि पिंपरी, भोसरी, चिंचवडच्या कारखान्यांत पाळी संपवून भाड्याच्या खोलीवर परतणारा, मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेला पंचवीस वर्षांचा कंत्राटी कामगार रात्री अंथरुणावर पडून काय करतो, हे त्या ज्येष्ठांनी एकदा पाहावे. तो पुस्तक वाचीत नाही, नाटकाला जात नाही, आणि सभेला तर नाहीच नाही. त्याच्या हातात मोबाइल असतो आणि पुष्कळदा त्यावर खेळ चालू असतो. एके काळी गोष्ट शाहिराच्या डफावरून किंवा तमाशाच्या फडातून येई. नंतर ती चित्रपटातून येऊ लागली. आता ती याही मार्गाने येते. ज्या पक्षाला माणसांची मने वळवावयाची आहेत, त्याला गोष्टीचा मार्ग बदलला याकडे डोळेझाक करता येणार नाही.

आरंभी या खेळांत गोष्ट जवळजवळ नव्हतीच. १९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ निघाला. वरून परग्रहावरील प्राण्यांच्या रांगा उतरत येतात आणि खालून त्यांना टिपायचे, एवढाच त्याचा आशय. खेळाच्या कर्त्याने शत्रू म्हणून माणसे न घेता परग्रहवासी घेतले, कारण माणसांवर नेम धरायला लावणे गैर ठरले असते. यातील संकोच लक्षात घेण्यासारखा आहे. शत्रूला मारावयाचे तर आधी त्याचे माणूसपण काढून घ्यावे लागते, ही युद्धशास्त्रातील जुनी युक्ती या पहिल्या पिढीच्या खेळानेही जाणली होती. पुढे यंत्रे सुधारली, खेळ तासन्तास चालू लागले, त्यांना संवाद आले, पात्रे आली, आणि मग शत्रूलाही काही म्हणणे असावे अशी गरज निर्माण झाली. गेल्या वीस वर्षांत नावाजलेल्या अनेक खेळांत एकच खलनायक नसतो. परस्परविरोधी गट असतात, प्रत्येकाची एक विचारसरणी असते, आणि कोणाच्या बाजूने जायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते.

या संदर्भात पुण्याचेच उदाहरण प्रथम घ्यावे. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ प्रसिद्ध केला आणि जगभर तो खेळला गेला. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात आणि दुर्गा व विष्णू यांच्या साह्याने ती त्याचा शोध घेत निघते. असुरांचा अधिपती महाबलासुर. खेळाची दृश्ये देखणी आहेत. जुन्या वाड्यांची, मंदिरांची आणि भित्तिचित्रांची छाया त्यांवर आहे. आणि अठरापगड जातींच्या या देशात नायिका म्हणून कसरती करणारी पोर निवडली, ही गोष्ट कौतुकाची आहे. परंतु असुर हे मारण्यासाठीच आहेत. ते का आले, त्यांचे काय हिरावले गेले होते, या प्रश्नांना तेथे फारसा वाव नाही. पुण्यात तयार झालेल्या खेळाबाबत ही खंत अधिक वाटते, कारण असुरांच्या बाजूने विचार करण्याची जेवढी जुनी आणि सशक्त परंपरा या पुण्याच्या आसमंतात आहे तेवढी क्वचितच अन्यत्र असेल.

१८७३ साली याच शहरातून महात्मा फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी देवासुरांची कथाच उलटी केली. बळी हा न्यायी राजा, आणि तीन पावले भूमी मागून त्याला पाताळात दडपणारा वामन हा कपटी आक्रमक, अशी त्यांची मांडणी. खंडोबा, म्हसोबा ही कुणब्यांची दैवते म्हणजे बळीच्या राज्यातील अधिकारी होत, असाही अन्वय त्यांनी लावला. त्यांच्या व्युत्पत्ती आज कोणी भाषाशास्त्राच्या काट्यावर तोलू लागला तर त्यांतील पुष्कळशा उतरणार नाहीत. पण तो मुद्दाच नव्हे. मुद्दा असा की, जोतीरावांनी हा विचार हवेतून काढला नव्हता. बलिप्रतिपदेला शेतकऱ्याच्या घरची बाई ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणते, ती कोणाच्या ग्रंथाने शिकवलेली नाही. पुराणाने ज्याला पराभूत ठरविले त्याचेच राज्य परत यावे अशी इच्छा शेकडो वर्षे ओठांवर ठेवणारा समाज शत्रुपक्षाकडे निराळ्या डोळ्यांनी पाहतो, एवढे तरी यावरून निश्चित होते.

जेजुरीची कथा तर याहून बारकाईची आहे. मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य बंधू. खंडोबाने दोघांचा पराभव केला. मल्लाने अखेरपर्यंत वैर सोडले नाही. त्याचे मस्तक देवळाच्या पायरीशी आले आणि येणारा-जाणारा त्यावर पाय देतो. मणीला मात्र पश्चात्ताप झाला, त्याने देवाजवळ स्थान मागितले आणि ते त्याला मिळाले. जेजुरीला मणीची मूर्ती आहे आणि तिला पूजाही आहे. आणि गंमत अशी की, ज्या मल्लाचे मस्तक पायरीशी गेले त्याचेच नाव देवाला कायमचे चिकटले. मल्लारी म्हणजे मल्लाचा अरी. एका छावणीतील दोन भावांचे दोन शेवट लोककथेने केले. सगळे असुर एकाच मापाने मोजले नाहीत. शत्रूच्या गोटातही जो वळू शकतो तो आणि जो वळत नाही तो यांत फरक करावा लागतो, ही समज मेंढपाळ-शेतकऱ्यांच्या या दैवतकथेत आहे.

म्हसोबाचेही तसेच. पुण्याच्या आसपास शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला धोंडा म्हणजे म्हसोबा. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहत, आणि डोंगरवाटांनी पायी हिंडून त्यांनी या दैवतांचा अभ्यास केला. १९६२ साली निघालेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात त्यांनी म्हसोबाचा संबंध महिषासुराशी जोडला आणि एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली. देवीने महिषासुराला मारले हे पुराण सर्वश्रुत आहे. पण काही ठिकाणी हाच म्हसोबा देवीचा पती म्हणून नांदताना दिसतो. दोन जमाती, दोन दैवते; कुठे लढाई झाली तर कथेत वध आला, कुठे दोन्ही जमाती एकत्र नांदू लागल्या तर कथेत विवाह आला. दैवतकथेच्या मागे अन्न मिळविण्याच्या पद्धती आणि त्यांचे संघर्ष असतात, हे कोसंबींचे प्रतिपादन मार्क्सवादी होते, परंतु पोथीनिष्ठ नव्हते. खेळांसाठी कथा शोधणाऱ्या पुण्याच्या तरुणांनी देवीमाहात्म्याबरोबर कोसंबीही उघडले, तर असुरांच्या छावणीत त्यांना पुष्कळ माणसे भेटतील.

येथपर्यंत बहुतेक श्रोते सहमत असतील. अडचण पुढे आहे. शत्रुपक्षाला माणूसपण द्यावे, त्याची बाजू दाखवावी, हे म्हटले की काम संपले असे नाही. 'दोन्ही बाजूंत काळे-पांढरे असते' हे वाक्य सत्यही असू शकते आणि अतिशय सोयीस्कर असत्यही असू शकते. ते कोणाच्या सोयीचे आहे हे पाहावे लागते.

अमेरिकेत २०१३ साली 'बायोशॉक इन्फिनिट' हा खेळ निघाला आणि तो अफाट खपला. ढगांत तरंगणारे कोलंबिया नावाचे नगर. तेथे एक धर्मांध गोरा प्रेषित राज्य करतो, काळ्यांना आणि आयरिश मजुरांना कारखान्यांत राबविले जाते, आणि 'व्हॉक्स पॉप्युली' नावाची कष्टकऱ्यांची संघटना बंडाच्या तयारीत असते. तिची नेता डेझी फिट्झरॉय ही काळी स्त्री, एके काळी घरकाम करणारी. अर्धा खेळ होईपर्यंत खेळणाऱ्याला तिची बाजू पटू लागते. आणि मग एका प्रसंगात ही डेझी एका लहान मुलावर शस्त्र रोखून उभी दाखविली जाते. नायिका तिला ठार करते, आणि नायकाच्या तोंडून निष्कर्ष असा निघतो की, तो जुलमी प्रेषित आणि ही बंडखोर दोघे सारखेच. या प्रसंगावर पुष्कळ टीका झाली. ती इतकी झाली की, पुढल्या वर्षी निघालेल्या पुरवणी भागात कर्त्यांनी असा खुलासा घातला की, डेझीला त्या मुलाला मारायचेच नव्हते. तिला तसे नाटक करायला भाग पाडण्यात आले होते.

हा खुलासा मूळ दोषापेक्षा बोलका आहे. कारण दोष एका पात्राच्या वर्तनात नव्हता. बंडखोर कधीच क्रूर होत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. फ्रेंच राज्यक्रांतीपासून आजपर्यंतचा इतिहास वाचलेल्याला तसे म्हणताच येणार नाही. दोष असा होता की, शेकडो लोकांना वर्षानुवर्षे पिळून काढणारी व्यवस्था आणि एका क्षणी एका बाईच्या हातून घडू पाहणारे कृत्य, यांना एकाच तागडीत घालून समतोल साधल्याचा आव आणला गेला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, एकीकडे साठा आणि दुसरीकडे प्रवाह, असे दोन निराळे आकडे एकमेकांतून वजा करण्यासारखे ते आहे. बेरीज-वजाबाकी बरोबर दिसते; उत्तराला अर्थ नसतो.

याच वर्षी, म्हणजे २०१३ मध्येच, अगदी उलट प्रकारचा एक खेळ निघाला. 'पेपर्स, प्लीज' हे त्याचे नाव. लुकास पोप या एकाच माणसाने तो रचला. आर्स्टोट्झ्का नावाचे एक काल्पनिक साम्यवादी राज्य, साल १९८२. खेळणारा त्या राज्याच्या सीमेवरील तपासनीस असतो. रांगेतल्या माणसांची कागदपत्रे तपासायची आणि आत सोडायचे किंवा परतवायचे, एवढेच काम. पगार महिन्याचा नाही. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे ठरलेली रक्कम. चुका झाल्या की दंड. संध्याकाळी हिशेब समोर येतो: घरभाडे, अन्न, थंडीत घर उबदार ठेवण्याचा खर्च, आजारी मुलाचे औषध. पैसे पुरत नाहीत. दुसऱ्या दिवशी खिडकीपुढे एक बाई येते. तिच्या नवऱ्याला आत सोडले आहे आणि तिच्याकडे एक कागद कमी आहे. तिला सोडले तर दंड होण्याची भीती. परतवले तर ती कोठे जाईल कोण जाणे.

कारखान्यात उक्त्या दराने काम केलेल्या कोणालाही या खेळाचे मर्म उलगडून सांगण्याची गरज नाही. येथे खेळणारा स्वतःच शत्रुपक्षात आहे. तो दुष्ट नाही. परंतु उक्ता दर, दंड आणि घरातील थंडी या तीन गोष्टी मिळून त्याच्या हातून दुष्टपणा करवून घेतात, आणि हे त्याला कोणी भाषण करून सांगत नाही. हिशेबाचा कागद सांगतो. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत १८६७ साली हाच खुलासा केला होता. भांडवलदार आणि जमीनदार यांची चित्रे त्याने गुलाबी रंगविली नाहीत. पण या व्यक्ती त्याच्या ग्रंथात येतात त्या आर्थिक संबंधांची मूर्त रूपे म्हणून, आणि ज्या संबंधांची व्यक्ती ही निर्मिती असते त्यांबद्दल त्या व्यक्तीला जबाबदार धरण्याचा आपला हेतू नाही, असे त्याने स्पष्ट केले. कार्यकर्त्यांच्या पाठांतरातून ही ओळ नेहमी गळते. शिवी देणे सोपे असते.

म्हणजे ज्याला नैतिक संदिग्धता म्हणतात ती दोन जातींची आहे. एक अशी की, जी शत्रूच्या वागण्यामागचा हिशेब उघडा करते आणि तो हिशेब बदलल्याशिवाय माणूस बदलणार नाही हे दाखविते. दुसरी अशी की, जी सर्वांच्या अंगाला थोडथोडी काजळी फासते आणि 'जग असेच असते' म्हणून खेळणाऱ्याला झोपी घालते.

निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील पहिल्या जातीचा होता. 'सामना' हा १९७४ सालचा चित्रपट; संहिता विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव रस्त्यावर पडलेल्या एका दारुड्या मास्तरला, एकेकाळच्या स्वातंत्र्यसैनिकाला, घरी आणतो, पाहुणचार करतो. मास्तर बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारीत राहतो आणि विचारायचे थांबतच नाही. हिंदुरावाने गावात कारखाना आणला, रोजगार आणला. त्याच्या वागण्यात जिव्हाळाही खोटा नाही. आणि तरीही मारुती कांबळेचा हिशेब त्याला चुकविता येत नाही. त्याचे भले आणि त्याचे बुरे एकाच मुळातून येते, हे चित्रपटाने दाखविले.

ते मूळ कोणते? १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या साह्याने, सहकारी साखर कारखाना उभा केला. खासगी कारखानदाराच्या दारात ताटकळणाऱ्या ऊस उत्पादकाला त्यातून मालकी मिळाली, ही क्रांतीच होती. परंतु सभासद तो, ज्याच्याकडे ऊस; ऊस त्याच्याकडे, ज्याच्याकडे पाणी. ज्याच्याकडे पाणी नाही तो कोयता घेऊन बीड-नगरच्या दुष्काळी भागातून तोडीला येतो आणि कारखान्याच्या मतदारयादीत त्याचे नाव नसते. सहकाराने सावकाराला हटविले, आणि त्याच सहकाराच्या पायावर पुढे साखरसम्राट उभा राहिला. त्यात कोणा एकाची नियत बिघडली म्हणून नव्हे, तर मालकीचे वर्तुळ जेथे थांबले तेथेच न्यायही थांबला म्हणून. हिंदुरावाला व्हिलन म्हणून शिट्टी मारणाऱ्या प्रेक्षकाला हे कळले असेलच असे नाही. पण कळण्याची सोय चित्रपटात होती.

आता एका खेळाकडे थोडे अधिक लक्ष दिले पाहिजे, कारण त्याचा विषय थेट संपाचा आहे. 'डिस्को एलिझियम' हा २०१९ साली निघालेला खेळ. रचणारी मंडळी एस्टोनियाची, म्हणजे १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात असलेल्या देशाची. एक क्रांती चिरडली गेल्यानंतरचे मोडके बंदर-शहर. गोदी कामगारांचा संप चालू आहे. मालक कंपनीने भाडोत्री सैनिक पाठविले आहेत, त्यांपैकी एकाचे प्रेत झाडाला लटकलेले सापडते, आणि तपासाला एक व्यसनी पोलीस अधिकारी येतो. कामगार संघटनेचा पुढारी एव्हरार्ट क्लेअर हा ढेरपोट्या, गोडबोल्या आणि पक्का बेरकी माणूस. बंदरातून मादक द्रव्ये जातात हे त्याला ठाऊक आहे. कोळ्यांच्या वस्तीच्या जागी युवक केंद्र उभारण्यासाठी सह्या गोळा करण्याचे काम तो पोलिसाच्याच गळ्यात मारतो. उलट, कंपनीच्या वतीने वाटाघाटीला आलेली बाई सुसंस्कृत, प्रांजळ आणि सहृदय आहे. आणि ती नुसती प्रतिनिधी नसून मालकांपैकीच एक आहे, हे पुढे कळते.

वरवर पाहता येथेही दोन्ही पारडी सारखी केलेली दिसतात. तसे नाही. एव्हरार्ट लबाड आहे, पण प्रत्येक कामगार संचालक मंडळावर हवा ही त्याची मागणी लबाड नाही. ती बाई सज्जन आहे, पण तिच्या सज्जनपणाने बंदुकधारी परत जात नाहीत. सद्‌गुण एका बाजूला आणि न्याय दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी या खेळाने केली, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कामगार चळवळीत चार वर्षे काढलेल्या माणसाला ती ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही. खुनाचा उलगडा तर समाजवाद्यांना अस्वस्थ करणारा आहे. गोळी झाडणारा निघतो तो त्या जुन्या क्रांतीतील एक म्हातारा सैनिक. क्रांती हरली हे कबूल न करता तो दशकानुदशके एका बेटावर लपून बसला आहे. चालू संपातील कामगारांबद्दलही त्याच्या मनात तुच्छताच उरली आहे. निष्ठा शाबूत, माणसे मात्र हरवली. हे पात्र टवाळीसाठी रंगविलेले नाही.

जाता जाता एक गोष्ट. २०१९ च्या डिसेंबरात या खेळाला पारितोषिके मिळाली तेव्हा कर्त्यांनी व्यासपीठावरून मार्क्स आणि एंगल्स यांचे आभार मानले होते. त्यानंतर कंपनीच्या मालकीवरून कलह झाला, आणि खेळाचे प्रमुख लेखक व चित्रकार यांना २०२१ मध्ये मनाविरुद्ध कंपनी सोडावी लागल्याचे २०२२ साली उघड झाले. कल्पनेतील वस्तूचीही मालकी असते, आणि ती नेहमी कल्पना करणाऱ्याकडे राहत नाही.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, परदेशी खेळांच्या गोष्टी पुरे, आपल्याकडे काय? आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ आहे. मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला आणि तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्या संपात मालक हा एक पक्ष आणि कामगार हा दुसरा, इतके सरळ चित्र कधीच नव्हते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने 'प्रातिनिधिक' ठरलेली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही संघटना होती. कायद्याने बोलणी करायची ती तिनेच. कामगार तिच्या बाजूला उरले नव्हते आणि कायदा तिची बाजू सोडीत नव्हता. संप लांबला तेव्हा कोकणात, सातारा-कोल्हापूरकडे गावी गेलेले कामगार होते. घरी उपाशी बसलेले होते. आणि अखेर मान खाली घालून कामावर गेलेलेही होते. त्या शेवटच्यांना फुटीर म्हटले गेले. काहींना मार बसला.

या फुटिराच्या घरात काय चालले होते? त्याच्या बायकोने डबे करून देणे सुरू केले होते की नाही, खोलीचे भाडे किती महिन्यांचे थकले होते, मुलगा कोणाच्या टोळीत जाऊन बसू लागला होता, हे त्या वेळी किती कार्यकर्त्यांनी विचारले? विचारले ते पुष्कळ उशिरा, आणि नाटककाराने. जयंत पवारांचे 'अधांतर' १९९७ साली रंगभूमीवर आले. संपानंतर गिरणी कामगाराच्या एका घराचे काय झाले ते त्यात आहे, आणि त्या घरातील एक मुलगा गुंडांच्या टोळीत गेलेला आहे. त्याच वर्षी १६ जानेवारीला डॉ. सामंतांची हत्या झाली होती. फुटीर कामगाराला समजून घेणे म्हणजे फूट बरोबर होती असे म्हणणे नव्हे. अडीच लाख माणसांनी एक वर्ष, दीड वर्ष कशाच्या आधारावर तग धरायचा याचा हिशेब नेतृत्वाने केला नव्हता. त्या हिशेबातील तूट ज्याच्या घरात पहिल्यांदा दिसली, त्याच्या कपाळी फुटीर हा शिक्का बसला.

पिंपरीलाही हा अनुभव आहे. १९८९ साली टेल्कोमध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील संघटना आणि व्यवस्थापनाने करारासाठी निवडलेली दुसरी संघटना यांत कामगार विभागले गेले. त्या सप्टेंबरात शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसलेल्या कामगारांना रात्री पोलिसांनी उचलले. त्या वेळी एकाच चाळीत, एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोन घरांतील बोलणे बंद झाल्याच्या आठवणी या पट्ट्यातील जुन्या कामगारांकडे आजही निघतात. मालकाबद्दल त्या आठवणींत राग असतो. शेजाऱ्याबद्दल असतो तो कडवटपणा. राग कालांतराने ओसरतो.

आणि स्वतःच्या छावणीचे काय? समाजवाद्यांनी शत्रूचे माणूसपण शोधताना आपल्या पक्षाचे असुरपणही पाहिले पाहिजे. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिल्ले यांचे प्रजासमाजवादी सरकार होते. त्या सरकारच्या पोलिसांनी तमिळभाषक निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, माणसे मेली. काँग्रेसच्या राजवटीत गोळीबार झाला की चौकशी आणि राजीनामा मागणारा हा पक्ष. आता पोलीस आपलेच. डॉ. राममनोहर लोहिया पक्षाचे सरचिटणीस होते आणि त्या वेळी तुरुंगात होते. तुरुंगातून त्यांनी आपल्याच सरकारने राजीनामा द्यावा अशी मागणी केली. सरकारने तो दिला नाही. पक्षातील मोठमोठ्यांना ही मागणी अतिरेकी वाटली. त्यांच्याकडे युक्तिवाद होते, आणि ते सगळेच पोकळ नव्हते: नवे सरकार, पाठिंबा दुसऱ्याचा, सीमाप्रश्नाचे वादळ. कलह वाढत गेला आणि १९५५ च्या अखेरीस लोहियांचा निराळा समाजवादी पक्ष उभा राहिला. त्यानंतरच्या फाटाफुटींत आणि विलीनीकरणांत, १९६४ मध्ये, १९७१ मध्ये, १९७७ मध्ये, कालचा साथी हा भांडवलदारापेक्षा अधिक मोठा शत्रू ठरल्याचे प्रसंग या सभागृहातील वडीलधाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

१९५४ च्या त्या प्रसंगावर खेळ रचला तर खेळणाऱ्याला कोणत्या खुर्चीवर बसवावे? मुख्यमंत्र्याच्या, सरचिटणिसाच्या, की ज्याच्या हातात बंदूक होती त्या शिपायाच्या? तिन्ही खुर्च्यांवरून प्रसंग निराळा दिसेल. पण गोळी लागलेल्या माणसाच्या जागेवरून तो एकच दिसेल, आणि चांगल्या कथेला ती चौथी जागा विसरता येत नाही. 'बायोशॉक'चे कर्ते ती विसरले; तेंडुलकर विसरले नाहीत, म्हणून 'सामना'त मारुती कांबळे जवळजवळ न दिसताही सगळीकडे असतो.

आता कारखान्याच्या फाटकाकडे यावे. या पट्ट्यात कोठेही गेट मीटिंग घ्यायची झाली की पहिला आडवा येतो तो रखवालदार. निळा किंवा खाकी गणवेश, हातात काठी; कधी तो फलक काढून टाकतो, कधी नावे टिपून घेतो, कधी अंगावर धावून येतो. कामगारांच्या तोंडी त्याच्यासाठी जे शब्द आहेत ते या साप्ताहिकात छापता येणार नाहीत. हा रखवालदार कंपनीचा नसतो, एजन्सीचा असतो. त्याची पाळी पुष्कळ ठिकाणी बारा तासांची असते. तो लातूरचा किंवा बुलढाण्याचा असतो, कधी बिहारचा, आणि राहतो ते पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी याच भागात, सहा-सात जणांत मिळून घेतलेल्या खोलीत. ज्या कंत्राटी कामगाराची नावे तो टिपतो, तो कदाचित त्याच गल्लीत राहतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत या भागातील कार्यकर्त्यांनी किती रखवालदारांना त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, जादा तासांचा दर काय मिळतो, गणवेशाचे पैसे पगारातून कापतात का, असे विचारले? सभासद नोंदणीच्या पुस्तकात रखवालदारांची नावे किती आहेत, ते शाखेच्या चिटणिसांनी आज घरी जाऊन पाहावे आणि पुढच्या रविवारच्या बैठकीला तो आकडा घेऊन यावे.